राजुरात मॅनर हाऊस कशासाठी?

इंग्रजी कादंबऱ्यांवर पोसलेल्या आमच्या सुशिक्षित वर्गाच्या मनात एक घर कायमचे वस्तीला आले आहे. ते म्हणजे इंग्लंडातील जुन्या जमीनदाराचे मॅनर हाऊस. पुढे हिरवळ, भिंतीवर वेल, उंच काचेच्या खिडक्या आणि छपरावर धुराडी! पदरी चार पैसे जमून डोंगरात जागा घेतली, की हेच घर उभारावे असे या वर्गास वाटू लागते. अकोले तालुक्यातील राजूर-भंडारदऱ्याच्या मुलखासही ही हौस मानवेल, अशी ज्यांची समजूत असेल त्यांच्याशी आमचा वाद आहे.

मुळातल्या मॅनर हाऊसविषयी आमची तक्रार नाही. डर्बीशरमधील हॅडन हॉल बाराव्या शतकापासून पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेला. त्याच्या मध्यभागी चौदाव्या शतकातील प्रशस्त दिवाणखाना आहे. धनी आणि चाकर तेथे एका छपराखाली जेवत. त्याच परगण्यातील हार्डविक हॉल 1590 ते 1597 या काळात बांधला गेला. भिंतीहून काच अधिक, अशी त्याची ख्याती. काच त्या काळी महाग, तेव्हा त्यात वैभवाचे प्रदर्शन होतेच. परंतु जेथे हिवाळ्यात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेथे उजेड वेचून घरात घेणे ही निकडही होती. दगड तर टेकडीच्या पायथ्याच्याच खाणीतला. सारांश, ते घर ज्या मातीत उभे आहे त्याच मातीने ते घडविले.

आता राजूरकडे पाहा. रतनगडावर उगम पावणाऱ्या प्रवरेचे पाणी अडवून 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, ते येथल्या पावसाच्या भरवशावर. आषाढात हा पाऊस आडवा झोडपतो. त्याच्या तोंडावर उंच काचा उभ्या करणे म्हणजे पाण्यास घरात येण्याचे निमंत्रण देणे होय. सपाट गच्ची गळू लागली की तिच्यावर पत्रे चढतात, आणि हौसेच्या घरावर अखेर गोठ्याची कळा येते.

या पावसाचे उत्तर महादेव कोळी आणि ठाकर यांच्या घरांनी केव्हाच देऊन ठेविले आहे. कारवीच्या काठ्यांचा, शेणामातीने लिंपलेला कुड. त्याला ओल लागू नये म्हणून खाली झुकलेली वळचण. पाणी क्षणभरही न थांबविणारे उतरते छप्पर. खाली देशावर ऊन कडक, तेथे वाड्याने निराळी तोड काढली. बाहेरून जाड, जवळजवळ बंद भिंती. उजेड आणि वारा घ्यावयाचा तो आतल्या चौकातून. इंग्रजी घर खिडकीतून बाहेर पाहते, वाडा चौकातून आभाळ पाहतो. दोहोंमागे सारखाच विचार आहे. आमच्या शिक्षणाने मात्र एकासच वास्तुकला म्हणावयास शिकविले.

यावर कोणी म्हणेल, वाडा म्हणजे वेठबिगार आणि माजघरातला अंधार. खरे आहे. पण मॅनर हाऊस काय कुळांच्या घामाशिवाय उभे राहिले? तिकडचा दोष काळाच्या पोटात घालावयाचा आणि इकडच्यासाठी वाडाच पाडावयाचा, हा कोठला न्याय?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. डोंगरातल्या माणसासच पक्के घर हवे आहे, त्याचे काय? त्याचे म्हणणे रास्तच आहे. कुड वर्षावर्षाला लिंपावा लागतो, आणि त्याचे कष्ट बहुधा बायकांच्या वाट्यास येतात. त्याने कुडात राहावे आणि आम्ही त्याचे चित्र काढून दिवाणखान्यात टांगावे, असे म्हणणे निर्लज्जपणाचे होईल. त्याला सिमेंट मिळो, लोखंड मिळो. परंतु उतार, वळचण आणि उंच जोते ही त्याच्याच घराची अक्कल त्या पक्क्या घरात उतरो. हे काम शिकलेल्या इंजिनिअराचे आहे, आणि त्यात तो चुकतो तेथे पाऊस त्याला क्षमा करीत नाही.

इंग्लंडातही शहाणपण उशिराच आले. नॅशनल ट्रस्ट 1895 साली निघाला, तरी पुढे शेकडो जुनी घरे पाडली गेली. 1974 साली लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयाने नष्ट झालेल्या घरांचे प्रदर्शन मांडले, तेव्हा लोक चपापले. आम्ही तितकेही थांबणार नाही काय? प्रत्येक वाडा वाचणार नाही, हे आम्ही जाणतो. पण पहार लावण्यापूर्वी त्याची मापे घ्यावीत, नकाशा काढावा. नक्षीचे खांब दलालाच्या गाडीत चढण्यापूर्वी ते कोणते ओझे कसे पेलत होते, एवढे तरी टिपून ठेवावे. ज्यांची मुले सुटीत विलायतेचे वाडे तिकीट काढून पाहून येतात, त्यांना हे जड जाऊ नये. मॅनर हाऊसपासून घ्यावयाचा धडा एकच आहे: आपल्या पावसाला आणि आपल्या उन्हाला ओळखून बांधा. तो धडा सोडून ज्यांनी नुसत्या खिडक्या उचलल्या, त्यांना इंग्रजी वाचता आले, इंग्लंड वाचता आले नाही.