फुकटचं ॲप की मुक्त सॉफ्टवेअर? मुळशीतल्या व्हिडिओवाल्यांसाठी फरक काय?

पाऊस लागला की ताम्हिणी घाटातले धबधबे आणि मुळशी धरणाचा परिसर मोबाईलवर दिसू लागतो. शूटिंग फोनवर होतं, अडतं ते एडिटिंगपाशी. दरमहा वर्गणी परवडत नसेल तर फुकटचं ॲप घेतलं जातं. पण फुकट म्हणजे मुक्त नव्हे.

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने सुरक्षेच्या कारणावरून ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होतं, तसंच एडिटिंगचं व्हिवाव्हिडिओही होतं. बंदी नसली तरी कंपनी कधीही एखादं फीचर सशुल्क करू शकते किंवा व्हिडिओवर वॉटरमार्क टाकू शकते.

मुक्त म्हणजे काय?

केडेनलाइव्ह, शॉटकट आणि ओपनशॉट ही एडिटिंग सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखाली येतात. ती वापरण्याचा, बदलण्याचा आणि इतरांना देण्याचा हक्क सगळ्यांना असतो. दाविंची रिझॉल्व्हची एक आवृत्ती मोफत मिळते, पण तिचा सोर्स कोड खुला नाही.

मूळ कंपनी बंद पडली तरी मुक्त सॉफ्टवेअर टिकू शकतं. २००२ मध्ये ब्लेंडरबाबत हेच झालं. वापरकर्त्यांनी एक लाख युरो जमवून त्याचा कोड खुला करून घेतला. त्याच ब्लेंडरवर तयार झालेल्या 'फ्लो' या लॅटव्हियन चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं.

अडचणी कोणत्या?

केडेनलाइव्ह आणि शॉटकट फोनवर चालत नाहीत, लॅपटॉप लागतो. तो जुना असेल तर 'प्रॉक्सी'ची सोय कामी येते: कापाकापी हलक्या प्रतीवर होते आणि अंतिम व्हिडिओ मूळ फाइलमधून निघतो. केडेनलाइव्ह बोलणं ऐकून सबटायटल काढू शकतं, मात्र मराठी मजकूर हाताने तपासावाच लागतो. शिकायलाही वेळ द्यावा लागतो.

मग निवड कशी करायची?

धबधब्याच्या अर्ध्या मिनिटाच्या रीलला फोनवरचं ॲप पुरतं. पण धरणात गेलेल्या गावांच्या आठवणी ज्येष्ठांकडून नोंदवायच्या असतील, तर ते काम दहा वर्षांनीही उघडता आलं पाहिजे. शॉटकट आणि केडेनलाइव्हची प्रोजेक्ट फाइल साध्या मजकुराच्या रूपात असते आणि स्वतःच्याच डिस्कवर राहते. तिच्यासोबत मूळ चित्रीकरणही जपून ठेवलं, तर कुणाचं दुकान बंद झालं म्हणून ते काम अडकत नाही.