पिंजऱ्याआधी कॅमेरा

निफाड-सिन्नरकडे उसात बिबट्या दिसला, की गावाची पहिली मागणी पिंजऱ्याची. पण वाचकहो, आधी शेजारच्या अकोले तालुक्याचे ऐका. डॉ. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी तिथल्या वाटांवर समोरून जनावर गेले की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले. प्रत्येक बिबट्याचे ठिपके निराळे, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. त्यावरून मोजणी झाली. २०१३ साली प्रसिद्ध झालेला आकडा असा : शंभर चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ५ प्रौढ बिबटे आणि तितकेच तरस. तेही जंगलात नव्हे, शेती-वस्तीच्या मुलखात!

म्हणजे एक पकडला तरी बाकीचे आहेतच. जुन्नरला तर पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडले, तेव्हा वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरचे हल्ले २००१ ते २००३ मध्ये १७ वर गेले.

हल्ला झाला तर गोष्ट वेगळी. नुसता दिसला, तर वनखात्याकडे कॅमेरे मागा. बिबट्याची वाट कळेल. ऊसतोडीच्या कोप्यांतली लेकरे अंधारात परसाकडे जातात, तिथे दिवा आणि संडास ग्रामपंचायतीकडे मागा. अर्ज लेखी द्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.