एक मोबाईल, चार मुले

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि धडे मोबाईलवर आले. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमाग वस्त्यांत अनेक घरांत मोबाईल एक, शिकणारी मुले तीन-चार, आणि तो मोबाईलही वडिलांबरोबर बाजारात जाणारा. मागांच्या खडखडाटात ऐकू येत नाही, रिचार्ज संपला की वर्गही संपला. त्या काळात मागावर, गॅरेजात किंवा शिलाई मशीनवर बसलेली काही मुले पुन्हा शाळेत गेलीच नाहीत.

दोष मुलांचा नव्हता. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत इंटरनेटची सोय ग्रामीण भागात 14.9 टक्के आणि शहरी भागात 42 टक्के घरांतच आढळली होती. त्यानंतर स्मार्टफोन वाढले हे खरे. परंतु रेंज, वीज आणि शांत जागा यांची अडचण कित्येक वस्त्यांत आजही आहे.

हा प्रश्न शाळेचा, आपला काय संबंध, असे व्यापारी बंधूंनी समजू नये. जुलै 2017 पासून जीएसटीची विवरणपत्रे ऑनलाईन भरावी लागतात. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, शिंपी, गवंडी अशा 18 व्यवसायांना प्रशिक्षण आणि त्या काळात रोज 500 रुपये विद्यावेतन आहे. तिची नोंदणीही ऑनलाईनच. ज्याला हे जमत नाही तो कागद आणि पैसे दुसऱ्याच्या हाती देतो आणि नशिबाला बोल लावतो.

उस्तादाजवळ बसून मिळणारा हुन्नर मोबाईलवर मिळत नाही, हे आम्हाला मान्य आहे. रंधा कसा धरावा हे हाताला हात लावूनच कळते. पण हिशेब, नवे डिझाइन, मालाचा भाव, कर्जाचे नियम हे शिकता येते. म्हणून 'ऑनलाईन नकोच' म्हणणे जसे चूक, तसेच 'मुलाला मोबाईल दिला, काम झाले' म्हणणेही चूक.

जुलै 2020 मध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिकेतून पहिली ते आठवीचे पाठ दाखवले गेले. त्यासाठी इंटरनेट लागले नाही. घरात जे साधन आहे त्यातूनच शिकवावे, हा त्यातला धडा.

आमची सूचना साधी आहे. मोहल्ल्यातील जमातखान्याची किंवा वाचनालयाची एक खोली संध्याकाळी दोन तास उघडावी. दहा दुकानदारांनी मिळून एक चांगले कनेक्शन, एक इन्व्हर्टर आणि एक मोठा पडदा घ्यावा. खर्च लिल्लाह रकमेतून करता येईल. दीक्षा ॲपवरील पाठ आधीच उतरवून ठेवावेत, म्हणजे रेंज गेली तरी वर्ग थांबणार नाही. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवावी. समजावून सांगायला एक शिकलेला तरुण नेमावा आणि त्याला मेहनताना द्यावा.

लग्नाच्या मंडपावर एका रात्रीत आपण यापेक्षा जास्त खर्च करतो. मुलगा वर्गात राहिला तर उद्या धंदा तोच सांभाळणार आहे. या जुम्म्याला नमाजनंतर चार माणसांनी बसून एवढा विषय तरी काढावा.