'आपण' म्हणजे नक्की कोण?

वीकएंडला सॉल्लिड टाइमपास हवाय? मग हा खेळ बघा. जगात काही मंडळी फावल्या वेळात स्वतःची भाषा बनवतात. म्हणजे अख्खी भाषा. शब्द, व्याकरण, कधी कधी लिपीसुद्धा! १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्यातल्या काहींनी एक रिले सुरू केली. पहिला गडी छोटासा मजकूर आपल्या भाषेत लिहितो आणि शब्दार्थ-व्याकरणाची चिठ्ठी जोडून दुसऱ्याला देतो. दुसऱ्याने तो एक-दोन दिवसांत उलगडायचा, स्वतःच्या भाषेत उतरवायचा आणि तिसऱ्याकडे सरकवायचा. मूळ मजकूर शेवटपर्यंत कुणी बघायचा नाही. थोडक्यात कानगोष्टीच, पण इथे सगळं लेखी असतं. ऐकण्यात घोळ होत नाही, तरी अर्थ घसरतोच.

भाषा बनवणं म्हणजे परग्रहावरचं खूळ समजू नका. 'बाहुबली'मधल्या (२०१५) कालकेयांची किलिकी गीतकार मदन कार्कीने बनवली. आपल्याकडे जुन्या व्यापाऱ्यांची नंदभाषा होती. गिऱ्हाइकाच्या नाकासमोर भाव ठरायचा आणि त्याला पत्ता नाही: केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन. आणि शाळेत 'च'ची भाषा तर तुम्हीही बोलला असाल, 'मला'चं 'चलाम' वगैरे. पण रिलेत 'च'ची भाषा बोअर. शब्द नुसते उलटे टांगलेले असतात, सरळ केले की जसेच्या तसे परत.

नवी भाषा बनवण्याइतका पेशन्स आमच्या ग्रुपमध्ये कुणाकडेच नाही. पण सोलापुरात त्याची गरजच काय? दोन गल्ल्या ओलांडल्या की भाषा बदलते. सुट्टीत चौघं भेटलो तेव्हा ठरलं, घरच्याच भाषांची रिले लावायची. मी मराठीत वाक्य लिहिलं: 'पुढच्या गड्ड्याला आपण नक्की येणार.' (बाहेरच्यांसाठी: गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीची यात्रा. तो चुकवणं आमच्यात पाप.)

पहिल्या मित्राने ते दखनीत नेलं. 'आपण'चं झालं 'हम'. दुसरा घरी कन्नड बोलतो, पुण्यात बँकेत असतो. त्याने लिहिलं 'नावु'. इथवर कुणाचं काही चुकलं नाही. मग चिठ्ठी गेली पूर्व भागात वाढलेल्या, आता हैदराबादला आयटीत असलेल्या मैत्रिणीकडे. आणि ती अडकली. कारण तेलुगूत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे, अगदी मराठीसारखे. समोरचा धरून 'मनम', समोरचा वगळून 'मेमु'. मराठीतला हा भेद द्राविडी शेजाराकडून आला असं बरेच अभ्यासक मानतात. दखनी 'हम' आणि कन्नड 'नावु' हा प्रश्नच विचारत नाहीत, त्यामुळे उत्तर वाटेतच गळालं होतं. तिला निवड करणं भाग होतं. तिने 'मेमु' लिहिलं.

शेवटी चिठ्ठी माझ्याकडे मराठी करायला आली. 'पुढच्या गड्ड्याला आम्ही नक्की येणार.'

सगळे हसले. मीही हसले, पण जरा उशिराच. तिला विचारलं, "मला का गं वगळलंस?"

ती म्हणाली, "अगं, तू तर इथेच असतेस. येणार ते आम्ही बाहेरचे. तू कुठून येणार?"

व्याकरणाने तिचं बरोबर होतं. दखनीवाला मित्रही सोलापुरातच असतो, त्याने शेंगाचटणीची वाटी पुढे सरकवत फक्त माझ्याकडे बघितलं. चौघांतले दोघे आता पाहुण्यासारखे येतात आणि रविवारी रात्री बॅगा भरतात, हे आम्हाला माहीत होतंच. पण आजवर सगळं 'आपण'मध्ये खपून जात होतं.

थोड्या वेळाने तिनेच नवा नियम काढला. चिठ्ठीत एक रकाना वाढवायचा: 'आपण'मध्ये कोण कोण, नावं लिहा. पुढचं वाक्य तिचं होतं. रकान्यात तिने चारही नावं लिहिली, माझं सगळ्यात वर.