आधी विचारा, मग रेघ ओढा

गेल्या सत्रात डिझाइनच्या तासाला आम्हांला काम मिळाले : गल्लीतील नळकोंडाळ्याचा आराखडा करा. मी मोठ्या हौसेने गोल ओटा, वर पाकळ्यांचे छप्पर आणि बाजूला बसायला कट्टा काढला. गुणही बरे पडले. पुढे ते चित्र शेजारच्या मावशींना दाखवले. त्या म्हणाल्या, "कट्ट्यावर कोण बसणार रे? टवाळ पोरं! मग आमच्या पोरींनी पाणी भरायचं कधी?"

छप्पर, ओटा, उतार सारे मोजले होते. हा प्रश्न मात्र मला कोणी घातला नव्हता, आणि मलाही सुचला नव्हता.

आपले नगर (२०२४ पासून अहिल्यानगर) १४९० साली वसले. निजामशाहीत कापूरवाडी, शेंडी, वडगाव या बाजूंचे पाणी खापरी नळांतून शहरात येई. ते उताराने येई, उपसावे लागत नसे. त्या नळांचे कौतुक आपण सहलीत करतो. परंतु ते आधी महालाच्या बागेत जाई की रयतेच्या हौदात, हे कितीजण विचारतात? आज मुळा धरणाचे पाणी विजेच्या पंपांनी उपसून येते. प्रश्न तोच आहे.

हिवरे बाजार येथे मात्र तो चव्हाट्यावर मांडला गेला. श्री. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. पुढे गावाने शेतीसाठी कूपनलिका घ्यायच्या नाहीत आणि ऊस-केळी लावायची नाहीत असे ठरवले. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात : आधी माणसांचे पिण्याचे, मग गुरांचे, उरेल त्यावर पिके. बंधारे कोणताही अभियंता बांधील, पण हा क्रम त्याच्या पट्टीने ठरत नाही.

काही प्राध्यापक म्हणतात, मूल्ये हा तत्त्वज्ञानाच्या वर्गाचा विषय, इथे हात घडवावा. शिवाय मूल्ये शिकवायची म्हटली की 'पाणी वाचवा'ची भित्तिचित्रेच हाती येतात, हेही खरे. (अशी दोन मीही रंगवली आहेत.) मी उपदेश मागत नाही. कागद हाती देण्यापूर्वी आठ दिवस आम्हांला सीनेच्या काठी, नळावर, टँकरच्या रांगेत पाठवा. कोणाची सोय पाहिली व कोणाची डावलली, हे आराखड्याखाली लिहायला लावा आणि त्यालाही गुण ठेवा.

मी कट्टा खोडून चित्र पुन्हा काढले. तेव्हा गल्लीतले एक आजोबा रागावले. भरलेली बादली घेऊन परतताना टेकायला त्यांना तेवढीच जागा होती. आता तिसरा कागद घेतला आहे.