दट्ट्या आणि त्याचा सरंजाम

एअरोप्रेसचे नळकांडे असो, फ्लेअरची तरफ असो, कॅफेलॅट रोबोटचे दोन हात असोत किंवा प्रवासाच्या पिशवीत सहज मावणारी नॅनोप्रेसो असो, मूळ उपकरण घरात आल्यावर थोड्याच अवधीत त्याच्याभोवती जो सरंजाम गोळा होतो, म्हणजे झडपेचे टोपण, धातूची गाळणी, सुयांचा घोळणा, नरसाळे, टॅम्पर, पुडीवर ठेवायची जाळी, दाबमापक आणि हे सारे मांडून ठेवण्यासाठी लाकडी तबक, त्याची एकत्रित किंमत पुष्कळदा मूळ उपकरणालाही मागे टाकते. नाकापेक्षा मोती जड झाल्याची ही कैफियत वाचक आम्हांस कळवतात खरे, परंतु त्यांचे दुःख बहुधा खर्चाचे नसते. एवढे सारे करूनही पेल्यातील कॉफी होती तशीच आंबट, पाणचट किंवा जळकट राहिली, हे असते. आमच्या मते या फिर्यादीचे मूळ खरेदीच्या क्रमात आहे. जो दोष काढावयाचा तो प्रथम नमूद करून, तो दाबाचा आहे, उष्णतेचा आहे, दळणाचा आहे की पूड बसवण्याचा आहे याचा निवाडा झाल्यावर जी वस्तू घ्यावयाची, ती वस्तू आधी घेऊन तिच्यासाठी दोष शोधीत बसण्याचा शिरस्ता आपल्यात पडला आहे.

दाबापासूनच प्रारंभ करू, कारण गैरसमज तेथे सर्वांत अधिक आहेत. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले त्यात पाण्याला रेटा होता तो केवळ वाफेचा, आणि तो दीड बारच्या आसपासचा; त्या यंत्रातून त्वरित मिळणारी कॉफी आजच्या अर्थाने एस्प्रेसो नव्हतीच. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच शहरातील आकिल्ले गाज्जिआ यांनी तरफ आणि स्प्रिंग यांच्या साहाय्याने दट्ट्या दाबणारे यंत्र बाजारात आणले, दाब आठ-दहा बारपर्यंत चढला, आणि पेल्यावर तो तांबूस-पिवळा साय धरल्यासारखा फेस प्रथमच दिसू लागला, ज्याच्याकडे गिऱ्हाईक आरंभी संशयाने पाहत असे. इटलीतील राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेने पुढे जो दाखला ठरवून दिला त्यात ७ ग्रॅम पूड, ९ बार दाब, २५ सेकंद वेळ आणि फेसासह २५ मिलिलिटर कॉफी अशी मापे आहेत, आणि प्रत्येक मापाला थोडीशी सूटही आहे.

आता ही मापे आपल्या ओट्यावर आणून पाहावीत. ९ बार म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर नऊ किलोंहून किंचित अधिक भार. एअरोप्रेसच्या नळकांड्याचा आतील व्यास सुमारे ६० मिलिमीटर, म्हणजे दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटिमीटर. त्यावर ९ बार आणावयाचे तर अडीचशे किलोंहून अधिक वजन ठेवावे लागेल, आणि धडधाकट मनुष्य ओट्यावर वाकून वीस किलोंचा जोर देतो तेव्हा प्रत्यक्षात पाऊण बारसुद्धा भरत नाही. तरफेच्या यंत्रात हाच अवाढव्य भार तरफेच्या लांबीने मनगटाच्या आटोक्यात येतो. किंमत आपण देतो ती मुख्यतः त्या तरफेची. हा हिशेब ज्याने एकदा कागदावर मांडला त्याला कोणतेही टोपण एअरोप्रेसचे तरफयंत्र करून देईल अशी आशा उरणार नाही, आणि ती आशा सोडल्यावरच त्या टोपणाचा खरा गुण त्याला दिसेल.

सॅन फ्रान्सिस्कोच्या फेलो कंपनीचे प्रिझ्मो हे या जातीचे सर्वांत परिचित टोपण. त्याच्या तळाशी एक झडप असते, जी दट्ट्या दाबल्यावाचून उघडत नाही, आणि कागदाच्या ऐवजी बारीक छिद्रांची धातूची गाळणी असते. झडपेमुळे पाणी आपोआप ठिबकत नाही. म्हणून बारीक दळलेली पूड थोड्याच पाण्यात हवा तितका वेळ भिजत ठेवता येते, आणि त्यासाठी उपकरण उलटे उभे करून, मग कढत पाण्यासकट सुलटे करण्याची जी कसरत अनेकजण करीत आले, ती करावी लागत नाही. हाताची त्वचा शाबूत राहते हा लाभ आम्ही किरकोळ मानीत नाही. धातूची गाळणी कॉफीतील तैलांश आणि अतिसूक्ष्म कण अडवीत नाही, त्यामुळे पेय जिभेवर जड लागते. मात्र तळाशी गाळही बसतो, आणि तो ज्यांना खपत नाही त्यांनी गाळणीखाली नेहमीचा कागद ठेवावा. वर दिसणारा फेस हा अरुंद वाटेतून वायू आणि द्रव एकदम बाहेर फेकले गेल्याचा परिणाम आहे. नऊ बारांच्या दाबाखाली द्रवात जिरलेला कर्बवायू पेल्यात मोकळा होऊन उठणाऱ्या फेसाशी त्याची बरोबरी लावू नये. दुधात घालण्याजोगा दाट अर्क या टोपणाने उत्तम मिळतो. आम्ही स्वतः दुपारच्या कॉफीसाठी त्याचीच योजना करतो, आणि तिला एस्प्रेसो म्हणवून घेण्याचा हट्ट धरीत नाही.

तरफयंत्र घेतलेल्या वाचकांची तक्रार निराळी असते: दाबमापकाचा काटा नवावर, पूड बारीक, वेळ बरोबर, तरी कॉफी आंबट. येथे दोष बहुधा उष्णतेचा असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नसल्यामुळे खर्च भलत्याच वस्तूंवर होतो. समजा, यंत्राचे पोलादी नळकांडे २०० ग्रॅम वजनाचे आहे, ते खोलीच्या २८ अंशांवर आहे, आणि आपण त्यात ९८ अंशांचे ६० ग्रॅम पाणी ओतले. दोहोंची उष्णताधारकता जमेस धरून वजाबाकी केली तर दोन्ही मिळून ७८ अंशांच्या आसपास येऊन ठेपतात. म्हणजे पुडीला पाण्याचा स्पर्श होण्यापूर्वीच वीस अंश धातूच्या खात्यावर जमा झाले. पुण्यात मुळात पाणी ९८ अंशांच्या सुमारास उकळते आणि महाबळेश्वरी ९५-९६ अंशांतच, तेव्हा उधळपट्टीला तेथे आणखीच कमी वाव. या दोषावरील उपाय म्हणजे नळकांडे उकळत्या पाण्याने भरून ठेवण्यासाठी खाली लावायचे सिलिकॉनचे टोपण, किंवा तेही नसल्यास केटलीच्या तोंडाशी नळकांडे धरून वाफ देणे. काळपट भाजणीच्या बियांना इतकी धग नको असते, किंबहुना ८५ अंशांच्या पाण्याने त्यांचा कडवटपणा आटोक्यात राहतो; फिकट भाजणीच्या चिकमगळूरी अरेबिकाला मात्र प्रत्येक अंश लागतो. म्हणून आपण कोणत्या भाजणीची कॉफी पितो हे ठरल्यावाचून पूर्वतापनाच्या सामानावर पैसा घालू नये. आपल्या कोडगू-चिकमगळूरचा धुतलेला रोबस्टा इटलीच्या मिश्रणांत अंग आणि फेस यांसाठी दीर्घकाळ मागवला जातो. हाताच्या यंत्रात तो फार समंजसपणे वागतो, आणि दळण, दाब, उष्णता यांत थोडे उणेअधिक झाले तरी पेला वाया जाऊ देत नाही. नवशिक्याने प्रारंभ त्याने करावा, अशी आमची शिफारस आहे.

दळण हा या सर्वांचा पाया असून हाताच्या चक्कीवर खर्च करण्यास आम्ही कधीही आडकाठी केलेली नाही. दाबाखाली पाणी पुडीतून किती वेगाने जाते हे कणांच्या आकारावर इतके अवलंबून असते की, चक्कीचा एक खटका इकडचा तिकडे झाला तर पंचवीस सेकंदांचे चाळीस होतात. कोमांडान्टे चक्कीच्या मूळ आसावर प्रत्येक खटक्याला पात्यांमधील अंतर सुमारे ३० मायक्रॉनने बदलते, आणि ‘रेड क्लिक्स’ नावाचा बदली आस बसवला की ते निम्मे होते. कागदी गाळणीची कॉफी करणाऱ्याला या आसाचा काडीचा उपयोग नाही. तरफयंत्रवाल्याला तो दाबमापकापेक्षा अधिक उपयोगी आहे.

आता पूड बसवण्याविषयी. दाबाखालचे पाणी मार्ग शोधते तो कमीत कमी विरोधाचा. पुडीत गुठळी किंवा पोकळी असली की तेथून ते धाव घेते, त्या एकाच वाटेवरील पूड धुऊन कडू करून टाकते, आणि बाजूची पूड अर्धवट भिजून आंबट राहते, यामुळे एकाच घोटात दोन्ही दोष एकत्र नांदतात. या रोगावर जॉन वाइस नावाच्या अमेरिकन हौशी गृहस्थाने २००५ साली जो इलाज सुचवला त्याचे साहित्य होते बूड कापलेला दह्याचा प्लास्टिकचा पेला आणि प्रयोगशाळेतील विच्छेदनाची एक सुई: पेला नरसाळ्यासारखा ठेवावयाचा आणि सुईने पूड तळापर्यंत ढवळून गुठळ्या फोडावयाच्या. पुढे त्याच इलाजाला पितळी मुठी, अक्रोडाचे लाकूड आणि चुंबकाचे पाय लागून तो हजारो रुपयांना मिळू लागला. सुईची जाडी तेवढी पाहावी. ०.३ ते ०.४ मिलिमीटरची सुई गुठळी फोडते. जाड तार पुडीत नांगरासारखी सरी काढते आणि आपणच पाण्याला वाट करून देते. बाटलीच्या बुचात ॲक्युपंक्चरच्या चार सुया खोचून केलेला घोळणा या कसोटीला पुरता उतरतो, आणि ज्यांना लाकडी मूठच हवी त्यांनी ती हौस म्हणून खुशाल घ्यावी, केवळ तिचा खर्च कॉफीच्या नावावर मांडू नये.

गुठळ्यांचे आणखी एक कारण म्हणजे दळताना बियांवर येणारा स्थिर विद्युद्भार. दळण्यापूर्वी बियांवर पाण्याचा एक थेंब शिंपडण्याची रीत हौशी मंडळींत पूर्वीपासून होती. २०२३ साली ओरेगॉन विद्यापीठातील क्रिस्टोफर हेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मॅटर’ या नियतकालिकातील निबंधात ओलाव्याने हा भार घटतो, आणि बारीक दळणाच्या दाट कॉफीत अर्क अधिक उतरतो असे दाखवून तिला शास्त्राची सनद दिली. मुंबईच्या पावसाळ्यात हा थेंब फारसा जाणवत नाही. वैशाखातल्या नागपुरात त्यावाचून निम्मी पूड चक्कीलाच चिकटून राहते. त्यासाठी काचेची फवारणीची कुपी विकत घेणे ऐच्छिक आहे. भिजलेल्या चमच्याचे टोक पुरे.

उरलेल्या जिनसांचा निकाल थोडक्यात लावता येतो. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा आवश्यक, त्याविषयी वाद नाही. पूड दाबून बसवण्याचा टॅम्पर पूड भरायच्या चाळणीच्या व्यासाचा असावा, बाकी त्याच्या वजनाला आणि मुलाम्याला अर्थ नाही. पुडीवर ठेवायची धातूची जाळी पाणी ओततानाचा आघात झेलते. हेच काम दाक्षिणात्य फिल्टरमधील दांडीची छिद्रांकित चकती आपल्या माटुंग्याच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहे. जाळी जाड असली तर ती उष्णताही खाते, हे ध्यानात ठेवून ती आधी कढत पाण्यात बुडवावी. कागदाची चकती वापरल्यास तोही उपद्व्याप नको. दाबमापक शिकण्याच्या काळात हाताला वळण लावतो, नंतर कॉफीच्या धारेकडे पाहणे पुरते, आणि धार पाहण्यासाठी चाळणीच्या खाली तिरपा ठेवलेला किरकोळ किमतीचा आरसा ही आमच्या मते या साऱ्या सरंजामातील सर्वांत न्याय्य खरेदी होय. लाकडी तबकांविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही.

विक्रेत्या बंधूंना मात्र एक आग्रहाची सूचना आहे. झडप किती दाबाला उघडते, गाळणीची छिद्रे किती मायक्रॉनची, वस्तूचे वजन किती आणि ती किती व्यासाच्या चाळणीत बसते, हे चार आकडे प्रत्येक जोडसामानाच्या वेष्टनावर छापलेले असावेत. ‘कॅफेसारखी कॉफी’ या शब्दांनी गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही, आणि आयातशुल्कासह चढलेली किंमत मोजणाऱ्याला एवढा तपशील मागण्याचा पूर्ण अधिकार आहे.

वाचकांनी आम्हांस पत्र लिहिताना तोच नियम पाळावा. नव्या जिनसाचा अनुभव कळवताना एकाच भाजणीच्या कॉफीचे तीन पेले करावेत, त्यांपैकी दोन एका रीतीचे आणि तिसरा दुसऱ्या रीतीचा, आणि घरातील दुसऱ्या कोणाकडून ते न सांगता पुढे ठेववून घ्यावेत. वेगळा पेला ओळखता आला की नाही, आणि एकदाच की वारंवार, ते लिहावे. सोबत पुडीचे वजन, पेल्यातील कॉफीचे वजन, पाण्याचे तापमान, वेळ आणि भाजणीची तारीख असावी. पुढील अंकापासून अशा कैफियतींसाठी दोन पाने राखून ठेवली आहेत; ज्यांत हा तपशील नसेल त्या, कितीही सुरस असल्या, त्या पानांवर घेतल्या जाणार नाहीत.