मुके फोटो, बोलकी माणसे

गेल्या काही वर्षांत आपल्या बिदर-कलबुर्गी भागातल्या समारंभांना एक नवा विधी जोडला गेला आहे. साठीशांत असो, पंच्याहत्तरी असो की सहस्रचंद्रदर्शन असो, औक्षण झाले, सत्कार झाला, की मंगल कार्यालयातले दिवे मालवतात आणि पडद्यावर उत्सवमूर्तीच्या आयुष्यातले फोटो एकामागून एक सरकू लागतात. पाठीमागे एखादे हिंदी चित्रपटगीत वाजत असते. दहा-बारा मिनिटांनी दिवे लागतात, टाळ्या होतात आणि मंडळी पानावर बसतात.

ही प्रथा वाईट आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. आयुष्यभर शेतात, दुकानात नाहीतर चुलीपाशी राबलेल्या माणसाला एक दिवस पडद्यावर पाहावे, यात गैर ते काय? माझी तक्रार वेगळीच आहे. हे फोटो मुके असतात. कोण, कुठले, केव्हाचे, हे काहीच कळत नाही. एका समारंभात मी घड्याळ लावून मोजले. बारा मिनिटांत सुमारे २४० फोटो दाखवले गेले, म्हणजे फोटोमागे तीन सेकंद. तीन सेकंदांत ओळखीचा चेहराही धड डोळ्यांत भरत नाही, मग अनोळखी चेहऱ्याची काय कथा!

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना रोजकीर्दीचा पहिला धडा असा असतो की, तारीख लिहावी, खाते लिहावे, रक्कम लिहावी आणि नोंदीखाली एका ओळीत स्पष्टीकरण द्यावे. ती ओळ नसेल तर व्यवहार खरा असूनही वर्षभराने तो कशाचा होता हे खुद्द लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. फोटो हीदेखील एक नोंदच आहे. तिच्याखालची ओळ आपण लिहीत नाही, आणि ज्यांना ती ठाऊक आहे ती माणसे एकेक करून जात आहेत.

आपल्याकडे चित्र कधीच मुके नव्हते, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगतात. ती परंपरा जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. १८९० च्या दशकात कल्याणच्या (आपले बसवकल्याण नव्हे, ठाणे जिल्ह्यातले) महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 'शांभरिक खरोलिका' या नावाने काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडात पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. त्या खेळातही चित्राबरोबर निवेदन असे, संगीत असे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला, त्याच्याही आधीची ही गोष्ट. आणि आपल्या कर्नाटकातला 'तोगलू गोंबेआट', म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहा. तो करणारे किळ्ळेक्यात घरात मराठीची एक बोली बोलतात आणि पडद्यामागून कथा सांगतात ती कन्नडमध्ये! तात्पर्य, पडदा, दिवा, चित्र आणि सांगणारा अशी ही चौकडी आहे. आपण मात्र चौथ्याला रजा देऊन त्याच्या जागी चित्रपटगीत बसवले आहे.

आता हे केवळ हौसेचे प्रकरण आहे काय? इतर ठिकाणी असेल, आपल्या सीमाभागात नाही. माझ्या आजीचेच उदाहरण घ्या. २०२५ साली तिला पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली. कागदावर तिची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. ती स्वतः सांगते, 'पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या पोळ्याचा माझा जन्म.' पोलीस ॲक्शन १९४८ च्या सप्टेंबरातली. हिशेब केला तर १९५० चा पोळा निघतो. तिचे माहेर उदगीर तालुक्यात, सासर भालकी तालुक्यात. तिच्या जन्मावेळी दोन्ही तालुके हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यातच होते. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. भालकी म्हैसूर राज्यात आली, उदगीर मुंबई राज्यात गेले. पुढे १९६० साली माहेर महाराष्ट्रात आले, १९७३ साली सासरच्या राज्याचे नाव कर्नाटक झाले, आणि १९८२ साली माहेरचा जिल्हा उस्मानाबादऐवजी लातूर झाला. आजी लग्न करून गेली ती एवढ्याशा अंतरावर. पण तिच्या भोवतीची राज्ये आणि जिल्हे बदलत राहिले. १७ सप्टेंबर आजही तिच्या दोन्ही घरी साजरा होतो. माहेरी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून, सासरी कल्याण कर्नाटक उत्सव दिन म्हणून. हे सारे ज्या आयुष्यात घडले, त्याच्यावर 'हॅपी बर्थडे आजी' एवढीच अक्षरे झळकावीत काय?

पंच्याहत्तरीचा व्हिडिओ करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी आधी यंत्रापुढे न बसता आजीपुढे बसलो. चार दुपारी ट्रंकेतले फोटो एकेक करून तिच्या हातात दिले आणि मोबाइलवर तिचा आवाज घेतला. लग्नाआधीचा तिचा एकही फोटो नाही. पहिला फोटो लग्नानंतरच्या वर्षीचा, हुमनाबादच्या वीरभद्रेश्वराच्या जत्रेतल्या स्टुडिओतला. आजोबा खुर्चीवर, आजी मागे उभी आणि तिच्या मागे पडद्यावर रंगवलेले तळे. पण खरी गोष्ट पुढेच आहे. वाड्याच्या अंगणातल्या एका समूहचित्रात कडेला दहा-बारा वर्षांची एक मुलगी उभी आहे. घरातले सगळे तिला शेजाऱ्यांची मुलगी समजत. आजीने फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, 'ही तुझ्या आजोबांची धाकटी बहीण. बहात्तरच्या दुष्काळात तापाने गेली.' तिचे नाव घरातल्या एकाही कागदावर नाही, वडिलांनीही ते कधी ऐकले नव्हते. ते मी इथे छापत नाही. पण व्हिडिओत त्या फोटोखाली ते दोन्ही लिप्यांत आहे. आजीला विचारले नसते, तर ती मुलगी कायमची शेजाऱ्यांची झाली असती.

बायकांच्या बाबतीत हे विशेष करून घडते. निजामाचे प्रख्यात छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी खास जनाना स्टुडिओ काढला होता. तो एक इंग्रज बाई चालवत. ती सोय श्रीमंत घरांपुरती. खेड्यातल्या बाईचा फोटो निघाला तो कुणाच्या तरी लग्नात, घोळक्यात, आणि तिची ओळख 'अमक्याची आई' एवढीच राहिली. याउलट गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, तेव्हा गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव यांचीही नोंद ठेवली. मोठ्या कामात जे जमते, ते आपल्या घरापुरते आपल्याला का जमू नये?

भाषेचा प्रश्न आमच्या घरातही निघाला. काका म्हणाले, 'मराठी घर आपले, कानडी अक्षरे कशाला?' माझे म्हणणे असे की, व्हिडिओ पाहणार कोण? कलबुर्गीची आतेभावंडे कन्नड शाळेत शिकली. त्यांना देवनागरी वाचताना अडखळायला होते. पुण्याच्या चुलतभावंडांना कन्नड अक्षर कळत नाही. एकाच आजीची ही नातवंडे! म्हणून प्रत्येक फोटोखाली दोन ओळी दिल्या, वर मराठी, खाली कन्नड. आणि आवाज ठेवला आजीचाच, तिच्या त्या कानडी-दखनी मिसळलेल्या मराठीत. ती भाषा माझ्या मराठी क्रमिक पुस्तकात नव्हती, भावंडांच्या कन्नड पुस्तकातही नव्हती. ती फक्त या पिढीच्या तोंडी आहे. तिला शुद्ध करून घेण्याचा मोह आवरला पाहिजे.

हे ऐकून काही मित्र विचारतात, एवढा वेळ कुणाला आहे? लोक भुकेलेले असतात. अगदी खरे! म्हणूनच फोटो कमी घ्या. बारा सेकंदांचा एक याप्रमाणे चाळीस फोटो घेतले, तर आठ मिनिटांत काम होते. जत्रेचे पंधरा फोटो असतील तर एक निवडा. उरलेले टाकून द्यायचे नाहीत. नावे लिहून वेगळे जपायचे. फोटो टिपताना खिडकीजवळच्या दिवसाच्या उजेडात टिपा, फ्लॅश मारू नका, वरचा प्लास्टिकचा कागद चकाकत असेल तर बाजूला करा. अल्बमला डिंकाने चिकटलेला फोटो मात्र ओढू नका, फाटेल. सुटा फोटो असेल तर पाठही टिपा. कित्येकदा तारीख, गाव, स्टुडिओचा शिक्का तिथेच सापडतो. आजोबांचे उर्दूतले जुने खरेदीखत, शाळेचा दाखला, रेशनकार्ड यांनाही पडद्यावर जागा द्या. तीही आयुष्याचीच चित्रे आहेत.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा असतो की, शुभकार्यात गेलेल्या माणसांचे फोटो नकोत. त्यांच्या भावनेचा मान राखून मी एवढेच म्हणेन की, लग्नकार्यातही आपण आधी पितरांची आठवण करतो; नांदीश्राद्ध त्यासाठीच असते. मग पंच्याहत्तरीलाच त्यांना दाराबाहेर का ठेवावे?

तिसरी गोष्ट नव्या यंत्रांची. आता जुन्या फोटोत रंग भरता येतात, एवढेच नव्हे तर गेलेल्या माणसाला हसवता, मान हलवायला लावता येते. पाहणारे चकित होतात हे खरे. परंतु ते हसू त्या माणसाचे नव्हे, यंत्राचे आहे. रंग भरायचाच असेल तर आधी आजीला विचारा, लुगडे कोणत्या रंगाचे होते म्हणून. यंत्र अंदाज बांधते, आजीला आठवते. आणि मूळ फोटो होता तसा जवळ ठेवा.

मित्रहो, आपल्या या अंकाला मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत, तशीच आपली बहुतेकांची घरेही आहेत. ज्यांनी १९४८ साल समजत्या वयात पाहिले, ते आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्या वाढदिवसाची वाटही पाहू नका. या सुट्टीत घरातला एक अल्बम घ्या, एक वही घ्या आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसापुढे बसा. फोटोला क्रमांक द्या, वहीत नाव, गाव, साल लिहा आणि नक्कल दोन घरांत ठेवा. व्हिडिओ नंतर कोणीही करील. दुकानात पैसे टाकून करून मिळतो. ती ओळ मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष